सगळ्यांना कळेल अशी भाषा

कानडी मुलखातल्या जयनगरच्या महिला मंडळात पोकरच्या शेवटच्या फेरीला तिघीच उरल्या होत्या: सकवारबाई, त्यांची सून संयोगिता आणि शेजारच्या, मराठी न येणाऱ्या गिरिजाक्का. डाव चालू असताना सगळ्यांना कळेल अशी कानडीच बोलायची, हा नियम. पण बक्षिसाच्या चांदीच्या करंड्यात सकवारबाईंचा जीव तीन वर्षं अडकलेला. त्या मराठीत पुटपुटल्या, "पोरी, डाव सोड. माझ्याकडं दोन राण्या आहेत." घरात सासूपुढं तोंड न उघडणारी ती पोर लालबुंद झाली. मग कानडीत मोठ्यानं म्हणाली, "गिरिजाक्का, सासूबाई म्हणतात, त्यांच्याकडं दोन राण्या आहेत." नियम मोडला म्हणून पंचबाईंनी सकवारबाईंची पानं बाद केली. आता सुनेचं काही खरं नाही, असं बायकांना वाटलं. सकवारबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. खुर्ची मागं सारली. सगळ्यांना कळावं म्हणून खणखणीत कानडीत म्हणाल्या, "जरा जपून खेळा, गिरिजाक्का. माझी सून आहे ती!"