शांत स्वभावाची मुलगी

“शांत, सहनशील, सेवाभावी,” समुपदेशक राजश्रीनं संगणकाच्या पडद्यावरून वाचून दाखवलं. “पहिली शिफारस नर्सिंगचीच आली आहे.”

व्यंकटीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. बारावी झालेल्या मुलीला घेऊन तो लोह्याहून सकाळच्या गाडीनं लातूरला आला होता, या कलचाचणीसाठी. नांदेडच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश घ्यायला शुक्रवार शेवटचा दिवस होता. घ्यायचा की नाही, ते आज ठरणार होतं.

“मी म्हनलोच होतो,” तो हळूच म्हणाला. “हिचे मामा म्हनले, आधी चाचणी करा. झाली आता.”

प्रियदर्शनी खुर्चीच्या कडेवर बसली होती.

बापलेक इतक्या खालच्या आवाजात बोलत की राजश्रीला सारखं पुढं वाकावं लागत होतं. शांतपणा वडिलांकडून आला असावा, असं तिनं मनाशी धरलं होतं.

“तुम्ही काय करता?”

“एसटीत कंडक्टर हाय.”

“या आवाजात?”

व्यंकटी लाजला. “गाडीत वेगळा असतो, मॅडम. घरी आलं की बटन बंद.”

राजश्री हसली आणि पुन्हा पडद्याकडं वळली. प्रियदर्शनीची उत्तरं एकाच दिशेनं जात होती. बारीकसा आवाज झाला तरी तिला जाग येते. राग आला तर ती गिळते. स्वतःचं ताट शेवटी वाढते. दार कधी आपटत नाही. इतका स्वच्छ निकाल क्वचितच येतो.

“असा स्वभाव शिकवून येत नाही,” ती म्हणाली. “तो उपजतच असतो.”

“तसंच असंल,” व्यंकटी म्हणाला. “आईचं समदं हिनंच केलं की. हिच्या आईला लकवा मारला तवा ही सहावीला होती. डोकं लई दुखायचं तिचं, जराबी आवाज सहन व्हायचा न्हाई. मी ड्युटीवर. खाऊ घालनं, कूस बदलनं, रातचं उठनं, समदं हिच्याकडं. गेल्या पौषात गेली ती. तोवर पोरीच्या तोंडातून ब्र न्हाई. हिला भांडताच येत न्हाई, मॅडम.”

“भांडायला समोरचं मानूस उठून बसलेलं लागतं, पप्पा,” प्रियदर्शनी म्हणाली.

ती हे इतकं सहज म्हणाली की व्यंकटीला ते कळायला वेळ लागला. राजश्रीनं तिच्याकडं पाहिलं. इतक्या वेळात ती मुलगी पहिल्यांदाच एक पूर्ण वाक्य बोलली होती, आणि ते शांत मुलीचं वाक्य नव्हतं.

राजश्रीनं उत्तरं पुन्हा वरून खाली वाचली. जाग येते. राग गिळते. दार आपटत नाही. चुलीशेजारी तापमापी ठेवायची आणि गावात फार ऊन आहे म्हणून सांगायचं, असं काहीतरी तिच्या हातून होत होतं.

तिनं पडदा बंद केला.

“हा निकाल मी देणार नाही.”

“म्हंजी? नर्सिंग न्हाई?”

“असेलही. पण ही मोजणी प्रियदर्शनीची झाली नाही. तुमच्या घरातल्या आजारपणाची झाली.” ती मुलीकडं वळली. “आई आजारी पडायच्या आधी तू कशी होतीस?”

प्रियदर्शनीनं आठवून पाहिलं. मग वडिलांकडं पाहिलं, एखादी वस्तू घरात कुठं ठेवलीय ते विचारावं तसं.

“आधी?” व्यंकटीचा चेहरा खुलला. “आधी लई वांड होती ही. जयंतीला एकदा माईक हातात आला की सोडायची न्हाई, काढून घ्यावा लागायचा. मास्तरासंगं वाद घालून घरी यायची आन् मग आमच्यासंगं घालायची. सुट्टीत माझ्या गाडीत बसली की माझ्याआधी हीच ओरडायची, विष्णुपुरी, सोनखेड. लोक चुकीच्या ठिकाणी उतरायचे. डायव्हर म्हनायचा, व्यंकटी, हिलाच तिकिटं फाडू दे, तू घरी जा. हिची आई म्हनायची, ही वकील व्हनार न्हाईतर आमदार.”

बोलता बोलता त्याचा आवाज चढला होता. त्याच्याच ते ध्यानात आलं आणि त्यानं तो खाली आणला.

प्रियदर्शनी लक्ष देऊन ऐकत होती, ओळखीच्या कुणाची तरी गोष्ट ऐकावी तशी.

“मग हे सगळं थांबलं कधी?” राजश्रीनं विचारलं.

“थांबलं म्हंजी...” व्यंकटी अडखळला. “मोठी झाली ना. पोरी मोठ्या झाल्या की व्हतातच शांत.”

“न्हाई, पप्पा,” प्रियदर्शनी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राजश्रीला पुन्हा पुढं वाकावं लागलं. “तुम्ही म्हनले होते, आई झोपलीय, आवाज करू नको. आई गेली. पर आता कर, असं कुणी म्हनलंच न्हाई.”