बारीक तोंडाची बाटली

फट कागदाच्या जाडीचीच होती, पण मुलीसाठी जोडायला घेतलेल्या प्लास्टिकच्या यानाच्या पोटापासून थेट शेपटापर्यंत गेलेली. नवऱ्याने दोन्ही भाग चिकटवताना रबरबँड आवळले होते, चिमटे लावले होते, आतली एक खुंटी आड येत होती ती तासून टाकली होती. मग पुट्टी भरली. ती वाळली, आकसली आणि फट पुन्हा जशीच्या तशी.

सकाळी शाळेत जाताना मुलीने यान नाकासमोर धरून निकाल देऊन टाकला होता. इथून हवा जाणार, आतली सगळी माणसं मरणार. तेव्हा ती घरी यायच्या आत फट बुजवणं भाग होतं.

पलंगावर पडल्या पडल्या सासूबाई ऐकत होत्या. आकाशातल्या फटी मग बुजव, आधी बाथरूमच्या दाराची बुजव, असं त्यांनी लेकाला ऐकवलं. वर स्वयंपाकघरातला खायचा सोडा न्यायची परवानगीही दिली. सोडा फटीत भुरभुरवायचा आणि त्यावर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब सोडायचा. पातं लवतं न लवतं तोच त्याचा दगड होतो. मग वरून कानस मारायची, की फट होती कुठे ते सांगता येत नाही.

पण गोंदाच्या ट्यूबचं तोंड मोठं. एकाऐवजी चार थेंब पडायचे आणि यानाच्या खिडक्या पांढुरक्या होऊन जायच्या. तेवढ्यात नवऱ्याला कचऱ्याच्या डब्यात आईच्या डोळ्यांच्या औषधाची, काल नवी उघडल्यावर टाकून दिलेली रिकामी बाटली दिसली. तोंड सुईसारखं बारीक. त्याने ती धुतली, हेअर ड्रायरने आतून कोरडी केली आणि गोंद भरला. थेंब हवा तिथे, हवा तेवढाच. आपल्याच हुशारीवर तो असा खूश झाला की शीळ घालत बसला. लेबल काढायचं काही त्याला सुचलं नाही.

दुपारी फोन आला तसा तो गॅलरीत गेला.

बायको ओटा पुसून बाहेर आली. टेबलावर कानशी, सोड्याची वाटी, करड्या प्लास्टिकचा भुसा, आणि त्या सगळ्या पसाऱ्यात चक्क सासूबाईंचं औषध. धन्य आहे या माणसाची, असं पुटपुटत तिने बाटली उचलली, ओढणीला पुसली. दोनचं औषध टाकायची वेळ झालीच होती.

सासूबाईंनी सवयीने मान उशीवर मागे टाकली. दुसऱ्या डोळ्याने त्यांना नुसता उजेड आणि अंधार कळायचा. जे काही दिसायचं ते ह्या डोळ्याने, ऑपरेशन होऊन नऊ दिवस झालेल्या. पट्टी सुटली त्या दिवशी त्यांनी नातीच्या हनुवटीवरचा तीळ पाहिला होता आणि हा कधी आला म्हणून विचारलं होतं. तो जन्मापासून होता.

तिने डाव्या हाताच्या दोन बोटांत कापूस धरला आणि त्याच हाताच्या तिसऱ्या बोटाने खालची पापणी हलकेच ओढली. बाटली उलटी केली. दाबली. काहीच येईना. तोंडाशी सुकलं असेल म्हणून तिने बाटली जरा बाजूला घेतली आणि कापसावर दाबली.

कापूस गरम झाला.

आधी तिला भास वाटला. मग बोटांना चटका बसला, तसा तिने हात मागे ओढला. कापसातून धुराची बारीक रेघ वर चालली होती. तिने बाटली पाहिली. औषधाचं तेच नाव, सासूबाईंचंही नाव, दिवसातून चार वेळा. औषधाला धूर कसा येईल, एवढाच प्रश्न तिच्या डोक्यात गरगरत राहिला.

फोन संपवून नवरा आत आला. टेबलाशी जाऊन त्याने यान उचललं, इकडेतिकडे पाहिलं.

"अगं, माझी ती गोंदाची बाटली—"

त्याला आईची मागे टाकलेली मान दिसली, मग बायकोच्या हातातली बाटली. खुर्ची शेजारीच होती, पण तो जमिनीवर बसला.

"टाकलंस?" त्याने नुसते ओठ हलवून विचारलं.

तिने नाही म्हणून मान हलवली. ती मान हलतच राहिली. थांबवायची कशी ते तिला कळेना. डावा हात तिने त्याच्यापुढे धरला. कापसाचा पांढरा खडा झाला होता आणि दोन बोटं त्यात अडकून एक झाली होती. त्याने त्या बोटांकडे पाहिलं आणि मग आईच्या चेहऱ्याकडे. मघाशी दोहोंत वीतभरही अंतर नव्हतं. बाटलीच्या टोकाशी दुसरा थेंब धरत होता. ती सरळ धरायचं भान तिला तेव्हा आलं.

पापणीवरचं बोट सुटलं तसा सासूबाईंनी डोळा मिटून घेतला होता. औषध पडलं की शंभर आकडे होईपर्यंत उघडायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्या एकही आकडा न गाळता मोजत होत्या. चौतीस. पस्तीस. दोघंही ते आकडे ऐकत राहिले.

शंभर झाले. सासूबाईंनी समाधानाने हात पोटावर ठेवले.

"आज मुळीच झोंबलं नाही गं," त्या म्हणाल्या. "रोज असंच टाकत जा."