जळगावहून दोन तास

बारा वाजले तरी मेघाच्या माहेरची साडी आली नव्हती, आणि ती नेसवल्याशिवाय मेघाला उचलता येत नव्हतं.

धुळ्यातल्या त्या गल्लीत साठेक माणसं उन्हात उभी होती. तिरडी कधीच बांधून झाली होती. साडी आणणार होता मेघाचा भाऊ समाधान. तो जळगावला राहायचा.

"सहाच्या आत कळवलंय त्याला," सासू लताबाई पायरीवरून म्हणाली. "सख्खी बहीण पडली शे इथं, अन हा सावकाश येतोय."

"जेवूनच निघाला असंल," मागून कोणीतरी बोललं.

पुतण्या तेजसनं मोबाइल काढला. "हवेतून ब्याऐंशी किलोमीटर. विमानाला वीस-पंचवीस मिनिटं."

"विमान काय तुझ्या गच्चीवर उतरवतो का? रस्त्याचं सांग."

"रस्त्यानं पंच्याण्णव. दोन तास."

"मग हा सहा तास काय बैलगाडी हाकतोय?"

मेघाचा नवरा ललित तिरडीपाशी उभा होता. डोळे लालभडक.

"मी पण रात्रभर जळगावलाच होतो," तो म्हणाला. "जिनिंग मिलला कापसाची गाडी घेऊन. साडेपाचला आईचा फोन आला, मेघा झोपेतून उठंना म्हणून. तिथूनच समाधानला कळवलं अन सुटलो. मला रस्ता सापडला, याला सापडत नाही?"

सगळ्यांच्या माना हलल्या.

"साडी मी देते," शेजारची कुंदाबाई रडत म्हणाली. "किती ताटकळवायचं पोरीला? या ललितकडं बघा जरा. बायको गेली, तरी बिचारा तिच्या अंघोळीच्या पाण्यासाठी नळावर हंडे घेऊन उभा होता."

"भाऊ म्हणे," लताबाई थुंकली. "असल्या भावापेक्षा नसलेला बरा."

तेवढ्यात समाधानची मोटरसायकल गल्लीत शिरली. अंगभर धूळ. गळ्यात पिशवी.

"या साहेब," ललित म्हणाला. "झाली का झोप?"

"दुकानं दहाला उघडतात," समाधान म्हणाला. "दारात बसून होतो. घरातली वापरलेली कशी आणू?"

त्यानं पिशवीतून कोरी हिरवी साडी काढली. मघाशी बोलणारे खाली बघायला लागले.

"आण इकडं," लताबाईनं हात पुढं केला. "आधीच उशीर झालाय."

"अंघोळीला पाणी आहे ना?"

"आहे ना भाऊ," कुंदाबाई म्हणाली. "सकाळच्या नळाचं. तुझ्या दाजींनीच भरलंय, माझ्यासमोर."

"नळ किती वाजता येतो तुमच्याकडं?"

"सहाला. साडेसहाला जातो."

समाधाननं साडीची घडी मोडली नाही. ती परत पिशवीत घातली आणि ललितकडं वळला.

"दाजी, साडेपाचला तुम्ही जळगावात होते," तो म्हणाला. "विमानानं आले का?"