नुसती रिंग

"पोचलीस की नुसती रिंग दे. मी कट करीन, उचलायची नाही. उगाच पैसे कशाला?" होस्टेलला निघताना आईने घालून दिलेली ही रीत लेकीने वीस वर्षं पाळली. नाटकाचे कपडे शिवायला ती तीन आठवडे परदेशी गेली, तेव्हाही. जात्यावर बसलं की ओवी सुचते, तशी मशीनवर बसलं की तिला आई आठवायची. रिंग द्यायची, फोन न बघताच एप्रनच्या खिशात टाकायचा आणि कामाला लागायचं.

परतल्यावर रोमिंगचं बिल पाहून तिचं डोकंच फिरलं. आईकडे बसूनच तिने कंपनीला फोन लावला. 'एक दाबा, दोन दाबा' करता करता अर्धा तास गेला, तेव्हा कुठे माणसाचा आवाज आला.

"मॅडम, रोजचा कॉल पलीकडून उचललाय. कधी बारा मिनिटं, कधी वीस."

"अहो, मिस्ड कॉल होते ते! माझी आई उचलतच नाही."

"आमच्या नोंदीत तसंच दिसतंय, मॅडम."

"मग तुमची नोंद खोटी! थांबा, आई इथेच बसलीये. आई, सांग गं यांना, एकदा तरी उचललास का?"

आई शर्टाला बटण लावत होती. सुई हातातच थांबली.



"रोज उचलायचे गं. तुझं मशीन चालायचं, मधेच तू गुणगुणायचीस... कट करायला हातच धजायचा नाही."