कण्हेरीवरच्या अळ्या

आमच्या माळीमामांच्या हातून मुंगीसुद्धा मरत नाही, असं बंगल्याच्या मालकीणबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायच्या. कण्हेरीवर बोटाएवढ्या जाड हिरव्या अळ्या पडल्या, तरी मामांनी औषध फवारलं नाही. "उद्याचे पतंग आहेत हे, बाई. मारवत नाही." रोज सकाळी ते पानं उलटून एकेक अळी वेचायचे, पत्र्याच्या डब्यात घालायचे आणि बाई आत गेल्या की डबा भिंतीपलीकडे, शेजारच्या बंगल्यातल्या कण्हेरीवर, हलकेच रिकामा करायचे.

पलीकडचा माळी तरणा, दोन लेकरांचा बाप. एकदा भिंतीवरून डोकावून म्हणाला, "मामा, कालच सगळं झाड साफ केलं होतं, आज पुन्हा नुसता खराटा. साहेब म्हणतात, आणखी आठ दिवस बघतो, नाहीतर दुसरा माणूस. तुमच्याकडे बरी एकही अळी दिसत नाही?"

"झाडाला माया लावावी लागते रे," मामा म्हणाले. "जरा मन लावून काम करत जा."

आठ दिवसांनी साहेबांनी त्याला काढलं. मामा दिवसभर हळहळले, दोनदा 'बिचारा' म्हणाले, आणि संध्याकाळी साहेबांना भेटून त्या जागेवर आपल्या जावयाला चिकटवून आले.



दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी अळ्या नेहमीसारख्याच एकेक करून वेचल्या. डबा मात्र साबणाच्या पाण्याच्या बादलीत उपडा केला.