शेवटची मूठ

दवाखान्याची उडती गाडी, घार, बांधावर उतरली तेव्हा ठकूबाई अगदी ठणठणीत होती. चिखलात वाकून ती भाताची रोपं लावत होती. आज तिच्याकडे इर्जिक होतं, म्हणून सगळी वाडी तिच्या खाचरात राबायला आली होती.

"कुणाला न्यायला आली गं?" तिने विचारलं.

बायकांनी तिच्या मनगटाकडे पाहिलं. तिथली नाडीवर नजर ठेवणारी दवाखान्याची पट्टी लाल झाली होती.

घारीत माणूस नव्हतं. तालुक्याच्या दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरणीचा आवाज तेवढा आला. "मावशी, तासाभरात तुमचं हृदय बंद पडणार आहे. आमच्यासमोर पडलं तर लगेच चालू करू. चढा."

"मला साधी कळसुद्धा नाही. आणि इर्जिकाला आलेल्यांना उपाशी टाकून मालकीण जात नसते," म्हणत ठकूबाई पुन्हा वाकली.

तिची थोरली जाऊ चांगुणा हातातली रोपं ठेवून बांधावर जाऊन बसली. तिच्या मागोमाग सगळी वाडी बसली.

"ठकू, तू चढेपर्यंत एक रोप लागणार नाही. भाकरी मी वाढते."

ठकूबाईने सगळ्यांना शिव्या घातल्या, पाय धुतले आणि ती चढली.

हृदय सांगितल्याप्रमाणे बंद पडलं. डॉक्टरणीने ते चालू केलं.

चार दिवसांनी घारीनेच तिला परत आणून सोडलं. खाचर हिरवंगार झालं होतं. बांधालगत हातभर जागा मात्र मोकळी होती, आणि शेजारी पाण्यात रोपांची एक मूठ ठेवली होती.

"शेवटची मूठ मालकिणीची," चांगुणा म्हणाली.

"डॉक्टरणीने वाकू नको म्हटलंय."

"मग बसून लाव."