भर उन्हाळ्यात हिव

चामोर्शीच्या निकेशची गाडी भर उन्हाळ्यात अचानक जास्त पेट्रोल प्यायला लागली.

"रोज दुपारी गाडी घेऊन कुठी फिरून राह्यली तू?" तो बायकोला येता-जाता विचारायचा.

"भाजी आणाले जाते. अजून कुठी?" पूनम फणकारायची.

शेवटी त्यानं गाडी गॅरेजला दाखवली. मिस्त्री हसत म्हणाला, "भाऊ, इंजिनाचं तापमान सांगणारा सेन्सर बिघडला. इंजिन कितीबी तापलं तरी गाडीच्या कम्प्युटरले ते थंडच वाटते, म्हणून तो जास्तीचं पेट्रोल सोडते. एवढ्या उन्हात तुमच्या गाडीले हिव भरलं!"

निकेश ओशाळला. नवा सेन्सर बसवून घरी आला आणि आई सुगंधाबाईंसमोरच म्हणाला, "पूनम, माफ कर. उगाच तुले बोललो."

पूनमनं मोठ्या मनानं माफ केलं. तो आंघोळीला गेला, तशी ती सासूच्या कानाशी लागली. "आई, वाचलो आपण! पण आता सेन्सर नवा बसला, तुम्हाले गाडी शिकवाले रोज लांब नाई जाता येणार."

 

सुगंधाबाईंचा चेहरा पडला. "आत्ताच त तिसरा गिअर जमला होता मले!"